कुंदाताई, पान चालू आहे

कुंदाताई, परवा शुक्रवारी दुपारी तुमचं मशीन बंद केलं. मीच केलं. कॉलेजची माणसं म्हणाली होती, आम्ही करतो, तुम्ही कशाला येता. पण ती भिंतीवरचं बटण दाबून मोकळी झाली असती. मी आधी लॉगिन करून आत शिरले, शटडाऊनची आज्ञा दिली, पंखा थांबेपर्यंत शेजारी उभी राहिले आणि मग बटण दाबलं. लॅब एकदम शांत झाली. त्या पंख्याचा इतका आवाज होता, हे तो थांबल्यावर कळलं.

घाबरू नका, इंटरनेटवरचं आपलं पान चालू आहे. ते कुठे आणि कसं, हे सांगायलाच लिहायला बसले आहे. शिवाय आणखी एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहून गेली, तीही आज सांगून टाकणार आहे.

तुमच्या दहाव्याला मी गावी आले होते. तुमच्या वहिनींनी मला ओटीवर खुर्ची दिली आणि शेजारच्या बायकांना सांगितलं, "ही कुंदाची मैत्रीण. इंजिनेर हाय." मैत्रीण हा शब्द ऐकून मी खाली बघत बसले. आपण मैत्रिणी आहोत का, हे आपण कधी ठरवलंच नव्हतं. आपण भांडायचो, एवढं नक्की.

चार वर्षांपूर्वी मी तुमच्या कॉलेजात शनिवारचा वर्ग घ्यायला लागले. आठवडाभर कंपनीत प्रोग्रॅम लिहायचे आणि शनिवारी सुकापूरहून रिक्षानं येऊन मुलांना शिकवायचे. तुम्ही लॅब असिस्टंट. मशीनवरची कव्हरं काढणं, वर्ग संपला की परत घालणं, प्रोजेक्टर लावणं, हे तुमचं काम अशी माझी समजूत. कोपऱ्यातल्या जाळीच्या कपाटात जो सर्व्हर घरघरत असायचा तो तुम्ही एकटीनं उभा केला आहे, हे मला पहिले सहा महिने कुणी सांगितलं नाही. तुम्ही तर नाहीच. मिठागरावर काम करणाऱ्या बापाची बारावी झालेली मुलगी, लॅबमध्ये फरशी पुसायला लागली आणि सुट्टीच्या दिवसांत लिनक्सची मदतपानं एकेक करून वाचून काढली, ही गोष्ट मला नंतर प्राचार्यांनी सांगितली. सांगताना त्यांच्या आवाजात कौतुक होतं. पण तुमची खुर्ची तेव्हाही प्लास्टिकचीच होती.

त्या वर्षी जुलैत माझ्या सासऱ्यांना विचुंब्याला साप चावला. आमच्या नव्या घराचं काम कुठवर आलंय ते बघायला गेले होते, गवतातून शॉर्टकट घेतला. पहिल्या ठिकाणी इंजेक्शन संपलं होतं. दुसऱ्या ठिकाणी होतं, पण ज्यांच्याकडे कपाटाची किल्ली ते बाहेर गेलेले. तिसऱ्या ठिकाणी मिळालं. सासरे वाचले. पायाची जखम भरायला दोन महिने लागले, आणि त्या दोन महिन्यांत मी एक ॲप लिहिलं. पनवेल-उरणकडच्या आरोग्य केंद्रांत सापाच्या विषावरचं औषध आज कुठे आहे, किती आहे, ते दाखवणारं. त्यात नकाशा होता, लॉगिन होतं, रंगीत चित्रं होती. कॉलेजात सगळ्यांना दाखवलं. टाळ्या वाजल्या. सगळे चहाला गेल्यावर तुम्ही कव्हरं घालत घालत विचारलंत, "हे उघडायला किती वेळ लागतो?"

मी म्हटलं, "लगेच उघडतं."

"माझ्या फोनवर उघड."

तुमचा फोन जुना होता. पांढरं पान आलं आणि पांढरंच राहिलं. आपण दोघी त्याच्याकडे बघत उभ्या राहिलो. मग नकाशाचा एक कोपरा आला. तुम्ही फोन परत घेऊन पर्समध्ये टाकलात.

"आमच्या गावात रेंज याच्या निम्मी हाय," तुम्ही म्हणालात. "जनावर चावलेला माणूस तेवढा वेळ थांबत नाय."

मला राग आला होता, कुंदाताई. तुमचं बरोबर होतं म्हणून जास्त आला. पुढच्या शनिवारी मी नकाशा काढून आले, चित्रं काढून आले, नुसती यादी ठेवली. तुम्ही म्हणालात, माझ्या सर्व्हरवर टाक. पण सीजीआय म्हणून टाक.

मी हसले, ते तुम्ही बघितलंत. सीजीआय ही माझ्या शिक्षकांच्या तरुणपणची गोष्ट. कुणी पान मागितलं की वेब सर्व्हर आपला प्रोग्रॅम सुरू करतो, प्रोग्रॅम उत्तर छापतो आणि बंद होतो. दुसऱ्या कुणी मागितलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू. दर वेळी सगळं नव्यानं. आम्ही कंपनीत प्रोग्रॅम सतत जागा ठेवतो, म्हणजे उत्तर पटकन देता येतं. मी तुम्हाला हे सगळं समजावून सांगितलं. जे तुम्हाला माझ्याआधी पंधरा वर्षं माहीत होतं, ते तुम्ही शेवटपर्यंत ऐकून घेतलंत.

मग म्हणालात, "दिवसात किती लोकांना साप चावणार हायेत, मृणाल?"

"म्हणजे?"

"गर्दी होणार आहे का पानावर? झाली तर फार वाईट. नाय होणार. आणि इकडे लाइट जाते. मशीन आपलं आपण उठतं, वेब सर्व्हर आपला आपण उठतो. तुझा तो जागा राहणारा प्रोग्रॅम, त्याला उठवायला सकाळी सहाला कोण येणार? तू येणार सुकापूरवरून? सीजीआयला उठवावं लागत नाय. तो झोपलेलाच असतो. हाक मारली की येतो."

तो प्रोग्रॅम आपोआप उठवायच्याही युक्त्या आहेत, हे मी म्हटलं. आहेत, तुम्ही म्हणालात, पण त्या युक्त्या बिघडल्या तर इथे कुणाला दुरुस्त करता येणार? तरी मी भांडले. हे भांडण आपलं आजही संपलेलं नाही. हजार माणसं एकदम आली तर तुमचं सीजीआय हात टेकेल, हे मी अजूनही म्हणते. आणि हजार माणसं कुठून आणणार, हे तुम्ही अजूनही विचारलं असतंत.

ती पहिली दुपार मला पूर्ण आठवते. मी लॅपटॉपवर फाईल लिहून सर्व्हरच्या सीजीआय-बिन नावाच्या फोल्डरमध्ये टाकली आणि ब्राउझर उघडला. इंटर्नल सर्व्हर एरर. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतात.

"काय झालं असेल?" मी विचारलं.

"मी काय ज्योतिषी हाय? लॉग वाच."

लॉगमध्ये, सर्व्हर आपल्या चुका टिपून ठेवतो त्या फाईलमध्ये, लिहिलं होतं की फाईल चालवायची परवानगी नाही. ती दिली. पुन्हा एरर. लॉग म्हणे, फाईल सापडत नाही. समोर दिसत असलेली फाईल सापडत नाही, हे वाचून मला स्वतःच्या डिग्रीबद्दल शंका यायला लागली. वीस मिनिटांनी तुम्ही खुर्ची सरकवून शेजारी आलात आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलंत. त्या ओळीत पायथन, म्हणजे मी ज्या भाषेत प्रोग्रॅम लिहिला होता ती, मशीनवर कुठे आहे त्याचा पत्ता लिहायचा असतो. माझ्या विंडोजनं प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं अक्षर घातलं होतं. लिनक्स ते पत्त्याचा भाग समजून त्या नावाचं पायथन शोधत होतं. ते अक्षर काढलं. तिसऱ्यांदा एरर. या वेळी दोष माझ्याच एका ओळीचा होता. प्रोग्रॅम कुठवर पोचला ते कळावं म्हणून मी मध्येच "इथे आले" असं छापलं होतं, आणि ते उत्तराच्या आधी वेब सर्व्हरच्या हातात पडत होतं.

"सर्व्हरशी बोलताना पद्धत हाय," तुम्ही म्हणालात. "आधी काय पाठवतोय ते सांगायचं, मग एक ओळ रिकामी सोडायची, मग मजकूर. तुझी बडबड त्याच्या मध्ये येते. तुला बडबडायचंच असेल तर एररच्या वाटेनं बडबड, ते लॉगमध्ये जातं. तिथे कितीही बोल."

चारच्या सुमारास पान आलं. तुम्ही पर्समधून काढलेल्या त्या जुन्या फोनवरही ते आलं. यादी, केंद्राचं नाव, औषधाच्या बाटल्या किती, कुणी कधी भरलं. तुम्ही ते वरपासून खालपर्यंत वाचलंत आणि म्हणालात, "हे वर काय लिहिलंयस?"

मी लिहिलं होतं, सर्पदंश प्रतिविष उपलब्धता.

तुम्ही ते खोडलंत आणि लिहिलंत, साप चावल्यावरचं इंजेक्शन कुठे आहे. त्याखाली, मोठ्या अक्षरात, आधी माणसाला गाडीत घाला, मग हे वाचा. आणि एक नियमही घातलात, ज्यावर आपण पुढचे तीन शनिवार वाद घातला. आकडा एक दिवसापेक्षा जुना झाला की तो दाखवायचा नाही, केंद्राचा फोन नंबर फक्त दाखवायचा. मला पानावर रिकाम्या जागा बघवायच्या नाहीत. तुम्ही म्हणालात, कालचा आकडा बघून कुणी आज गेला आणि तिथे नसलं तर तो आपण पाठवलेला माणूस. शेवटी मी तो नियम प्रोग्रॅममध्ये घातला. सासऱ्यांना घेऊन पहिल्या ठिकाणी गेलो होतो, ते आठवलं.

आकडे भरणारी माणसं तुम्ही मिळवलीत. स्कूटरवरून केंद्राकेंद्रात गेलात. बहुतेकांनी मान डोलावली आणि भरलं नाही. सर्वात आधी भरायला लागली ती फरीदा, उरणच्या वाटेवरच्या केंद्रातली फार्मासिस्ट. आधी ती तुम्हाला फोनवर आकडा सांगायची आणि तुम्ही भरायच्यात. एक दिवस तुम्ही फोन उचललाच नाहीत. ती वैतागून स्वतः भरायला शिकली. मुद्दाम उचलला नव्हता, हे तुम्ही मला सांगितलंत, तिला नाही. मी परवा सांगितलं. ती इतकी हसली की डोळे पुसायला लागली, आणि मग नुसतीच डोळे पुसत राहिली.

आणि ती विचुंब्याची बाई आठवते? मुलीला साप चावल्यावर फोनवर पान बघून थेट योग्य ठिकाणी गेली होती. महिन्याभरानं मुलीला घेऊन लॅबमध्ये आली. नारळ आणि पेढे घेऊन. मुलगी तुमच्या सर्व्हरच्या जाळीला नाक लावून उभी. बाईनं विचारलं, "हे कोण चालवतं?" तुम्ही माझ्याकडे बोट दाखवलंत. "ह्या मॅडम." तिनं मला वाकून नमस्कार केला. मी काही बोलायच्या आत तुम्ही तिला विचारलंत, "पान उघडायला किती वेळ लागला?" ती म्हणाली, "लगेच उघडलं की." तुमचा चेहरा तेव्हा मी बघितला. परीक्षेत पहिली आलेल्या मुलीचा असतो तसा.

ती गेल्यावर मी म्हटलं, "असं का सांगितलंत?"

"ती तुझ्याकडे बघून विचारत होती. तिला इंजिनेर पायजे होती. मी दिली."

मी तेव्हा हसले. तुमच्या त्या वाक्यात काय होतं, ते ऐकायला हवं होतं. एकदा मी तुम्हाला विचारलं होतं, तुमच्या घरात कुणाला साप चावला होता का, म्हणून एवढं करता. तुम्ही म्हणालात, "नाय. कुणालाच नाय. मशीनवर जागा होती." मी लोकांना ही गोष्ट सांगते तेव्हा ते थांबतात, त्यांना वाटतं पुढे काहीतरी आहे. पुढे काही नाही. मशीनवर जागा होती म्हणून तुम्ही चार वर्षं ते पान सांभाळलंत.

आता ती बैठक. दीड वर्षापूर्वीची.

पानाचा बोलबाला झाला होता. प्राचार्यांनी तालुक्यातल्या दोन डॉक्टरांना बोलावलं, संस्थेची माणसं आली. मी स्लाईड केल्या. हे सगळं आता मोठ्या क्लाऊडवर न्यायला हवं असं मला मनापासून वाटत होतं. एका स्लाईडवर मी धोके लिहिले होते. आणि भर सभेत म्हणाले, "सध्या ही सगळी सेवा एका जुन्या मशीनच्या आणि एका लॅब असिस्टंटच्या भरवशावर आहे. हे फार धोक्याचं आहे."

तुम्ही खोलीच्या मागे प्रोजेक्टरपाशी उभ्या होतात. प्रोजेक्टर तुम्हीच लावला होता. मी थांबले, माझं वाक्य कसं वाजलं ते मलाच ऐकू आलं, आणि तेवढ्यात पुढची स्लाईड आली. ती तुम्ही आणलीत. वेळ चुकली नाही.

त्या दिवसापासून मी मॅडम झाले. "मॅडम, डिस्क भरत आली होती, जुने लॉग काढले." "मॅडम, काल लाइट गेली होती, सगळं आपलं आपण उठलं." इतकंच. मी प्रत्येक शनिवारी ठरवायचे की आज बोलू. मग मुलं यायची, तुम्ही कव्हरं काढायच्यात. क्लाऊडला मंजुरी मिळाली आणि पुढे काहीच झालं नाही. पान तुमच्या सीजीआयवर चालत राहिलं. कोण जाणे, तुम्ही त्यावर मनात हसल्या असाल. हसल्या असाल तर बरंच झालं.

तुम्ही आजारी आहात हे मला फरीदानं सांगितलं. मी हॉस्पिटलात आले तेव्हा तुम्ही खिडकीकडच्या पलंगावर होतात, केस गेलेले, डोक्याला निळा रुमाल. मी सफरचंदं आणली होती. कसं वाटतंय, जेवण जातं का, असलं सगळं विचारून झालं. मग काय बोलावं ते सुचेना, म्हणून मी म्हटलं, "बातमी कळली का? नव्या पायथनमधून सीजीआय काढून टाकलं. बघा, पायथननंच फेकून दिलं तुमचं सीजीआय."

तुम्ही उशीवर जरा वर सरकलात. चार महिन्यांत पहिल्यांदा तुमच्या डोळ्यांत ती चमक आली, असं वहिनी नंतर म्हणाल्या.

"त्यातलं तयार मॉड्यूल काढलं. पद्धत नाय काढली. आपण ते मॉड्यूल वापरतच नाय, आपलं दुसऱ्या वाटेनं चालतं. वाच नीट, मृणाल."

मृणाल म्हणालात. मी फोन काढून वाचलं. तुमचंच खरं होतं. मला इतका आनंद झाला की हरल्याचं काही वाटलं नाही.

मग तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "बैठकीत तू बोललीस ते बरोबर होतं. एका माणसावर असं काम ठेवू नये. फक्त मला आधी सांगायचंस. सांगितलं असतंस तरी प्रोजेक्टर मी लावलाच असता."

मी तोंड उघडलं, आणि वहिनी थर्मास घेऊन आत आल्या. साखर किती, त्यांनी विचारलं. कमी, मी म्हटलं. चहा झाला, नर्स आली, भेटायची वेळ संपली. निघताना तुम्ही म्हणालात, "फरीदाला शिकव. डोकं हाय तिचं." मी हो म्हटलं. पुढच्या रविवारी नक्की बोलू असं मनाशी ठरवून आले, आणि त्या रविवारी माझ्या मुलाला ताप होता. त्यानंतरच्या बुधवारी फरीदाचा फोन आला.

तर ती राहिलेली गोष्ट ही. मला माफ करा, कुंदाताई. माझा मुद्दा खरा होता आणि मी तो तुमच्या पाठीमागे मांडला, तोही तुम्ही समोर असताना. तुमच्या टेबलापाशी येऊन, तुमच्या शेजारी बसून तो सांगायला हवा होता. तुम्ही उत्तर दिलं असतंत, आपण भांडलो असतो, आणि मग ती स्लाईड आपण दोघींनी मिळून केली असती. ती जास्त चांगली झाली असती.

दहाव्यानंतर दोनच दिवसांनी कॉलेजचं पत्र आलं. लॅब नव्या इमारतीत जाणार, जुनं मशीन शुक्रवारी बंद. पावसाचे दिवस, साप निघण्याचे. मी त्याच संध्याकाळी सगळं उचलून क्लाऊडवर टाकलं. तासाभराचं काम. छान चालत होतं. मग खाली बसून बघितलं तर खातं माझ्या नावावर, ओटीपी माझ्या फोनवर, पासवर्ड माझ्या डोक्यात. बैठकीत मी ज्याला धोका म्हटलं होतं तो मी नव्यानं उभा केला होता. फरक एवढाच की या वेळी ती एक व्यक्ती मी होते. मी ते काढून टाकलं.

दुसऱ्या दिवशी फरीदाला घेऊन जुन्या पनवेलमध्ये गेले. तिथे एक छोटं ऑफिस आहे, दुकानदारांच्या, शाळांच्या वेबसाइट ठेवतात. मालकांनी पानाचं नाव वाचलं आणि लगेच जागा देतो म्हणाले. मग जरा ओशाळून म्हणाले, "आमच्याकडे सतत चालू राहणारं काही ठेवता येत नाही हो. सीजीआय चालतं तेवढं. पण ते आता कोण वापरतं."

"आम्ही वापरतो," फरीदा म्हणाली.

कीबोर्ड मी तिच्याकडे दिला. मी बाजूला बसले आणि माझे हात मांडीखाली ठेवले. एरर आला तेव्हा ती माझ्याकडे वळली. मी हात तसेच ठेवले. तिनं लॉग उघडला, इंग्रजी हळूहळू अक्षर लावत वाचलं. या सर्व्हरवर पायथन दुसऱ्या ठिकाणी होतं. तिनं ते शोधून पहिल्या ओळीत लिहिलं, आणि पान आलं. सगळी केंद्रं, सगळे आकडे. मी म्हटलं, झालं, चला चहा घेऊ.

"थांबा मॅडम," ती म्हणाली. "बघणारे बघतील. पण भरणारे?"

तिनं आपल्या केंद्राचा आजचा आकडा भरून बघितला. भरला जाईना. मला ते सुचलंही नसतं. मी आयुष्यभर पानं बनवली, रोज सकाळी कपाट उघडून बाटल्या मोजून आकडा भरला नाही. अर्धा तास शोधल्यावर कळलं. आकड्यांची फाईल तुमच्या बॅकअपमधून आणली होती, आणि बॅकअपला कुणी चुकून हात लावू नये म्हणून तुम्ही त्या फाईली नुसत्या वाचण्यापुरत्या ठेवायच्यात. नव्या जागीही ती तशीच बंद राहिली होती. फरीदानं परवानगी बदलली, पुन्हा आकडा भरला. गेला.

"बाजी म्हणायच्या, पान बघू नको, काम होतंय का बघ," ती म्हणाली. तुम्ही तिच्यासाठी बाजी, म्हणजे थोरली बहीण, होतात, हे मला त्या दिवशी कळलं.

आता पासवर्ड तिघांकडे आहे. फरीदाकडे, माझ्याकडे आणि त्या ऑफिसच्या मालकांकडे. काय कसं चालतं ते फरीदानं मराठीत लिहून काढलं आहे, दोन पानं. त्यात एक वाक्य असं आहे, लाइट गेली तर काही करू नका.

काल शनिवारी मी नेहमीसारखी कॉलेजात गेले. नव्या लॅबमध्ये एसी आहे, खुर्च्यांना चाकं आहेत. केंद्राकेंद्रातून पाच फार्मासिस्ट आले होते. त्यात एक भोईर म्हणून, पुढच्या वर्षी रिटायर होणारे, चष्मा कपाळावर चढवून बसलेले. शिकवायला फरीदा उभी होती. तिनं पान दाखवलं, आकडा भरून दाखवला, मुद्दाम एक चूक करून लॉग उघडून दाखवला.

भोईरांनी हात वर केला. "बाई, दोन केंद्रांनी एकदम आकडा भरला तर? एकाचा दुसऱ्यावर जाईल ना?"

चांगला प्रश्न होता. फाईलला कुलूप कसं लागतं, एक प्रोग्रॅम दुसऱ्यासाठी कसा थांबतो, हे सगळं माझ्या जिभेवर आलं आणि मी उठायला लागले.

"नाय जाणार," फरीदा म्हणाली. "एकाचं लिहून होईपर्यंत दुसरा थांबतो. मग त्याचं लिहिलं जातं. आमी काउंटरवर लाइन लावतो, तसंच."

भोईरांनी चष्मा खाली घेतला आणि ते वहीत लिहून घेतलं. फरीदानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, ती पुढच्या प्रश्नाकडे वळली होती. मी अर्धी उठले होते, ती परत खाली बसले.